आधी खराटा, मग भाकर



आपल्या भित्तिपत्रकाचा हा अंक थोर माणसांच्या चरित्रांचा आहे. गुरुजींनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या चिठ्ठीत गाडगे महाराजांचे नाव निघाले. मी पुस्तकात बघून दीड पान उतरवून काढले. जन्म, गाव, आईवडिलांचे नाव, मृत्यू, सगळे लिहिले. गुरुजींनी ते वाचले आणि म्हणाले की माहिती बरोबर आहे, अक्षरही चांगले आहे, पण हे तर पुस्तकातच आहे, तुझे त्यात काय आहे? मी खाली मान घातली. माझे त्यात काय आहे ते मला माहीत होते. पण ते मी वर्षभर कोणालाच सांगितले नव्हते. आज सांगते.

मागच्या उन्हाळ्यात आमची बंडी नाल्याच्या उतारावर उलटली आणि माझ्या वडिलांचा पाय मोडला, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. काटोलच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितले. वडिलांना मेडिकलमध्ये भरती केले. तिथे आम्ही बावीस दिवस होतो. परत आल्यावर तुम्ही मला विचारले की नागपूरला कुठे राहिलीस, काय काय पाहिलेस. मी सांगितले की आम्ही नातेवाइकांच्या माडीवर राहिलो, रोज हॉटेलातली पुरीभाजी खाल्ली आणि महाराजबागेतला वाघ पाहिला.

ते सगळे खोटे होते.

वार्डात रोग्याजवळ एकाच माणसाला थांबू देत. आई तिथे थांबली. आजी आणि मी गाडगे महाराजांच्या नावाची जी धर्मशाळा मेडिकलजवळ आहे तिथे राहिलो. दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे तिथे होती. कोणाचा मुलगा वार्डात होता, कोणाची सून. प्रत्येकाजवळ एक गाठोडे आणि एक पाण्याची बाटली. घरून आणलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवस पुरली. मग आजीने पैसे मोजायला सुरुवात केली. ती रोज रात्री कमरेची पिशवी काढून पैसे मोजायची आणि रोज ते कमी व्हायचे. वडिलांच्या औषधाला हात लावायचा नाही, असे तिने ठरवले होते. म्हणून आमच्या जेवणाला कात्री लागली.

सांजच्याला दवाखान्याच्या फाटकाबाहेर एका भजनी मंडळाची माणसे हातगाडीवर वरणभाताचे गंज घेऊन यायची. आलूची भाजी असायची, कधी कढी असायची. रोग्यांचे नातेवाईक ताटली घेऊन रांग लावायचे. मंडळाची माणसे कोणाला नाव विचारत नसत, जात विचारत नसत. पण आजी काही त्या रांगेत जाईना. ती म्हणायची की आपण कास्तकार माणसे, आपल्या खळ्यावरून कोणी रिकाम्या सुपाने परत गेले नाही, आता या वयात कोणापुढे ताटली धरू? मला तर भूक लागलेली. एके दिवशी मी आजीला न सांगता ताटली घेऊन रांगेत उभी राहिले. तेवढ्यात समोरच्या रस्त्याने आपल्याच गावचे एक गृहस्थ येताना दिसले. मी दुपट्ट्याने तोंड झाकले आणि ताटली घेऊन पळत सुटले. त्या रात्री मी पाणी पिऊन झोपले.

आमच्या शेजारी गोंदियाकडची एक म्हातारी होती. ती दोन महिन्यांपासून तिथे राहत होती. तिने सगळे पाहिले होते. आजीला तिने जवळ बसवले आणि गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. पुढे मी जे चरित्र लिहीत आहे त्यातले अर्धे मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकले. बाकीचे नंतर वाचनालयाच्या पुस्तकात वाचले.

गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी एका परीट कुटुंबात झाला. आईचे नाव सखुबाई. वडील दारूच्या व्यसनापायी लवकर वारले. डेबू तेव्हा लहानच होता. घरात दाणा नाही आणि कमावणारा माणूस नाही. सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरकडच्या दापुरे गावी आपल्या भावाकडे आली. म्हणजे बघा, ज्यांनी पुढे हजारो लोकांना जेवू घातले ते गाडगेबाबा लहानपणी दुसऱ्याच्या घरची भाकर खाऊनच मोठे झाले.

पण डेबूने ती भाकर बसून खाल्ली नाही. तो मामाची गुरे राखी. मोठा झाल्यावर वावरात नांगर धरी. दिवसभर राबूनही दमत नसे. शाळा मात्र त्याच्या नशिबी नव्हती. लिहिणे-वाचणे त्याला आले नाही. मामाला लिहिता-वाचता येत नव्हते म्हणूनच सावकाराने कागदावर अंगठे घेतले आणि जमीन बळकावली. लोक असे सांगतात की सावकार जमिनीचा ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूने त्याला वावरात पाय ठेवू दिला नाही. गरीब माणूस कर्जात का बुडतो, ते त्याने तेव्हा डोळ्यांनी पाहिले. पुढे आयुष्यभर कीर्तनात ते हेच सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका. आणि घरात भांडे नसले तर हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला.

१८९२ साली डेबूजींचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. मुलीच्या बारशाला जातीच्या पंगतीत मटण आणि दारू द्यावी लागे. तो रिवाजच होता. डेबूजींनी गोडाचे जेवण केले. लोक रागावले, पण ते मागे हटले नाहीत. ज्या दारूने बाप नेला ती पंगतीत वाढायची नाही, असे त्यांच्या मनाने घेतले असेल.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचेही पुरते झाले नव्हते. अंगावर चिंध्यांचे कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात गाडगे. गाडगे म्हणजे मातीचे मडके. त्यांच्याजवळ असे ते अर्धे फुटलेले खापर. त्यातच भाकर खायची, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी गोधडेबाबाही म्हणत.

इथे आमच्या आजीने मध्येच विचारले की बाबा घर सोडून गेले, मग मागे म्हाताऱ्या आईचे, बायकोचे आणि लेकरांचे कोणी पाहिले? गोंदियाच्या म्हातारीला ते सांगता आले नाही. आजी म्हणाली की मग कुंताबाईलाही हात जोडले पाहिजेत. मलाही ते पटले, म्हणून इथे लिहिले.

जवळजवळ बारा वर्षे बाबा गावोगाव फिरले. त्यांची रीत सगळीकडे एकच. गावात शिरले की ते आधी देवळात जात नसत, पाटलाच्या वाड्यावरही जात नसत. खराटा घेऊन रस्ता झाडायला लागत. लोक जमायचे, हसायचे. पोट्टे मागे लागायचे. बाबा आपले झाडतच राहायचे. गटार साफ करायचे. कोणाच्या वावरात काम चालले असेल तर तिथे हात लावायचे. काम झाल्यावरच भाकरीसाठी दारात उभे राहायचे. चटणी-भाकर मिळाली की घ्यायची, पक्वान्नाचे ताट आले की नको म्हणायचे. ज्या दारी कोणी हाकलून दिले तिथून न रागावता पुढे जायचे. रात्री कीर्तन करायचे. दिवसा गावातली घाण काढली, रात्री डोक्यातली काढायची. सकाळी गाव जागे होईपर्यंत बाबा पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असत. कोणी पाया पडायला आले तर काठी उगारत.

आता मुख्य गोष्ट. स्वतःसाठी बाबांनी भाकरीच्या तुकड्यापलीकडे काही मागितले नाही. पण दुसऱ्यासाठी मागताना त्यांना कधी लाज वाटली नाही. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे पौष महिन्यात दर रविवारी यात्रा भरते. घाट नव्हता, तेव्हा लोक चिखलात पाय रुतवत नदीत उतरायचे. बाबांनी काठावरची घाण काढली, आणि लोकांकडून वर्गणी जमवून १९०८ च्या सुमाराला तिथे घाट बांधला. त्या यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी अशी माणसे बसलेली असत. लोक त्यांच्या अंगावर लांबून पैसा टाकीत. बाबांनी त्यांना पंगतीत बसवले, पोटभर जेवू घातले, कपडे आणि घोंगड्या दिल्या. लांबून टाकणे वेगळे आणि पान मांडून वाढणे वेगळे.

पंढरपूरला तर त्यांनी आणखी वाईट पाहिले. आषाढीला हजारो वारकरी येत, पण ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानत त्या वारकऱ्यांना पाठ टेकायलाही जागा नव्हती. धर्मशाळा होत्या, पण त्यांच्यासाठी दारे बंद. विठोबा पाहायला आलेले लोक पावसात भिजत उघड्यावर बसत. बाबांनी १९१७ साली पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. पुढे ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, म्हणजे तिथे मुले शिकतील. आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणीही त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण काढले. अन्नछत्रे आणि सदावर्ते सुरू केली. शाळा आणि वसतिगृहे काढली.

या सगळ्याला पैसा कुठून आला? लोकांनी दिला. बाबांच्या कीर्तनाला व्यापारी यायचे, अधिकारी यायचे आणि उघड्या पायांची माणसेही यायची. कोणी हजार देई, कोणी आणा. बाबा स्वतः पैशाला शिवत नसत. हिशोब ठेवायला दुसरी माणसे. विटांवर विटा चढायच्या आणि बाबा मात्र झाडाखाली झोपायचे. आपण बांधलेल्या धर्मशाळेत आपल्या नातलगांचा काही हक्क नाही, असे त्यांनी बजावून ठेवले होते. १९५२ सालच्या ८ फेब्रुवारीला गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. त्यातून ही कामे पुढे चालू राहिली.

मला सगळ्यात जवळची वाटली ती १९५४ सालची गोष्ट. मुंबईला जे. जे. रुग्णालय आहे. खेड्यातली माणसे तिथे आपला रोगी घेऊन येत. रोग्याला खाट मिळे, पण बरोबरच्या माणसाने कुठे जावे? तो फुटपाथवर झोपायचा. त्याच्या जेवणाचा कोणी विचार करत नव्हते. बाबांनी तिथे खास रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. औषध डॉक्टर देईल, पण बाहेर बसलेल्या आईला भूक लागते, हे बाबांच्या ध्यानात आले. मुंबईत दादरलाही मिशनची धर्मशाळा आहे. कॅन्सरचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. आणि नागपूरला मेडिकलजवळ आजी आणि मी ज्या छपराखाली झोपलो तिथे भिंतीवर बाबांचाच फोटो होता. बाबा जाऊन इतकी वर्षे झाली, आमची त्यांची ओळख नाही, तरी आम्हाला जागा त्यांच्या नावाने मिळाली.

१९५६ साल फार मोठे आणि फार दुःखाचे होते. १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. गाडगेबाबांचा बाबासाहेबांवर फार जीव होता. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी प्राण सोडला. आयुष्यभर वाटेवर राहिलेला माणूस वाटेतच गेला. अमरावतीला गाडगेनगरमध्ये त्यांची समाधी आहे. २००० साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीच्या विद्यापीठालाही आता त्यांचेच नाव आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांच्या नावाचे विद्यापीठ!

हे चरित्र झाले. आता आजीचे सांगते.

म्हातारीची गोष्ट संपली तेव्हा रात्र झाली होती. आजी काही बोलली नाही. पहाटे मला खर्र खर्र आवाज ऐकू आला. उठून पाहते तर आजीने कुठूनतरी खराटा मिळवला होता आणि ती धर्मशाळेचे आवार झाडत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडले, पाला गोळा केला, नळाखालची शेवाळ घासली. सांजच्याला हातगाडी आली तेव्हा आजी रांगेत गेली नाही. सरळ गाडीजवळ गेली, पदर खोचला आणि वाढायला उभी राहिली. मला म्हणाली की ताटल्या धुवायला लाग. सगळ्यांचे झाल्यावर मंडळाच्या एका काकांनी आजीला ताट वाढून दिले. आजीने ते दोन्ही हातांनी घेतले. एक शीतही टाकले नाही. त्या दिवसापासून पुढचे तेरा दिवस आम्ही दोघी रोज तिथे जेवलो आणि आईचा डबाही तिथूनच नेला.

पण एक गोष्ट मी विचारली. आमच्या बाजूला एक माणूस होता. त्याच्या बायकोची तब्येत फार वाईट होती. तो काही काम करत नसे, नुसता बसून राहायचा आणि जेवायचा. मी आजीला म्हटले की हा का नाही झाडत? आजी रागावली. म्हणाली की खराटा आपण आपल्या हातात घ्यायचा असतो, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो. बाबांनी ऋणमोचनला आंधळ्या-पांगळ्यांकडून काम करून घेऊन मग वाढले नाही. जो आज उठू शकत नाही त्याने आज खावे, उद्या उठेल तेव्हा तो दुसऱ्याला वाढेल.

मित्रांनो, नागपुरात अशी पुष्कळ ठिकाणे आहेत. उमरेड रोडवर ताजुद्दीनबाबांच्या ताजबागेत लंगर असतो, तिथे सगळ्या धर्मांची माणसे जेवतात. दसऱ्याच्या वेळी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा नागपूरची माणसे रस्त्यारस्त्यावर मांडव टाकून त्यांना जेवण आणि पाणी देतात. देव वेगळे, झेंडे वेगळे, पण गंज आणि पळी एकच. भुकेल्या माणसाला सगळीकडे वरणभातच लागतो.

वडील आता काठी घेऊन चालतात. आम्ही नागपूरला होतो तेव्हा आमच्या बैलांना कोणी चारा घातला, ते आम्हाला परत आल्यावर कळले. ते तुमच्यापैकीच काही जणांच्या घरचे होते. त्यांनी ते बोलूनही दाखवले नाही. आणि मी मात्र त्यांच्याच मुलांना वाघाची आणि पुरीभाजीची थाप मारली. ज्याला गरज पडली त्याने लपवायचे आणि ज्याने दिले त्याने गाजवायचे, असे बाबांना चालले नसते. त्यांनी स्वतः उघड मागितले, उघड खाल्ले आणि दिले ते न गाजवता दिले.

म्हणून पालकांना आणि वर्गमित्रांना माझी एक विनंती आहे. वर्गातले कोणी चार दिवस शाळेत आले नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करू या. घरात दवाखाना असेल, नापिकी असेल, तर एक डबा जास्तीचा नेऊ या. आणि डबा देताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नये. मी रांगेत उभी राहिले आहे, म्हणून मला हे माहीत आहे. येत्या २० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी शाळेचे पटांगण आपण सगळे झाडू. खराटा मी घरून आणीन. आजीनेही येते म्हणून सांगितले आहे.

महाराजबागेतला वाघ मी अजून पाहिलेला नाही. पण मेडिकलच्या फाटकाबाहेरचा वरणभात मी तेरा दिवस खाल्ला आणि तो फार चांगला होता.

इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी